पोपडा पडला, कळविले आहे

मुंबईतल्या पागडीच्या खोलीत छताचा पोपडा पडला, तर भाडेकरूने आधी ताटातली खडी वेचावी आणि मग मालकाला रीतसर कळवावे. जिन्यात गाठून गाऱ्हाणे घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ ला नोटीस लागते. नोटिशीनंतर १५ दिवसांत मालक हलला नाही, तर दुरुस्ती आपणच करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा, भाडे महिना ८० रुपये. म्हणजे वर्षाला चांगली घसघशीत २४० रुपयांची दुरुस्ती! एवढ्यात गवंडी येतो, मान वर करतो, "सळ्या गंजल्यात, काका," म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

मालक मात्र बेफिकीर नाही हं. प्रत्येक नोटीस तो आस्थेने वाचतो, तारीखवार फायलीला लावतो. इमारत किती मोडकळीला आली आहे, याचा इतका चोख हिशेब बिल्डरपुढे ठेवायला त्याला फुकटात दुसरे कोण देणार? भाडेकरू कर्तव्यदक्ष निघाला, की पुनर्विकासाचे निम्मे काम झालेच म्हणायचे.