नव्या डीबीएसाठी घरगुती उपाय

अभिनंदन. यापुढे ऑफिसात तुम्हाला कोणी ओळखणार नाही. ओळखू लागले की समजा, काहीतरी पडलंय.

साहित्य: दोन काळ्या खिडक्या, एकीत प्रॉडक्शन, दुसरीत टेस्ट. दोन्हींचा रंग एकच ठेवा. शुक्रवारची संध्याकाळ असल्यास उत्तम.

आता अपडेट चालवा. आधी बिगिन लिहिणं, तोच व्हेअर लावून सिलेक्ट करणं, ओळी मोजणं, मग कमिट, ही भित्र्यांची कामं. मी एकदा एका ग्राहक बाईंचा पत्ता बदलायला बसलो आणि एंटर दाबला. एका ओळीला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. कर्सर मात्र लुकलुकतच राहिला. पहिल्या सेकंदाला मी नेटवर्कला शिव्या घातल्या. चौथ्या सेकंदाला पोटात गोळा आला. मग शांतपणे उत्तर उमटलं: ४८,२१३ ओळी बदलल्या. आमचा सगळा ग्राहकवर्ग बार्शीला एकाच घरात राहायला गेला होता.

डिस्क भरली? नावात 'लॉग' दिसेल ते उडवा. पोस्टग्रेसच्या 'पीजी-एक्सलॉग' डिरेक्टरीवर लोकांनी हा प्रयोग इतक्या वेळा केला, की २०१७ साली १०व्या आवृत्तीत तिचं नाव 'पीजी-वॉल' करावं लागलं. कोसळलेला डेटाबेस पुन्हा उभा राहतो तो तिच्यातल्या नोंदींवर. (कोणी बंद पडलेली रेप्लिका विसरलंय आणि तिचा स्लॉट जुन्या फायली धरून बसलाय, असं बऱ्याचदा निघतं. पण ते शोधायला वेळ कोणाला आहे?)

मराठी नावांची काळजी नको. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार केला की झालं, असं समजा. अवतरणचिन्हाआधी मोठा एन लावला नाही तर 'सुलभा'ची सहसा '?????' होते. प्रश्नचिन्हंच साठलेली असतात, त्यामुळे पुढे काहीही केलं तरी सुलभा परत येत नाही.

बॅकअप रोज घ्या, रिस्टोअर करून मात्र कधीच बघू नका. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये एकाने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले. रोजचा डंप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे होतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. तारलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच.

माझ्याकडे आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तोही चालणारा. माझी त्यात काही कर्तबगारी नाही; माझ्या आधीचा माणूस वहमी होता. दुसऱ्या सर्व्हरवर तो बॅकअप उभा करून पत्ते जागेवर आणेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर गोदामातून काही पार्सलं निघून गेली होती.

चौथ्या दिवशी बार्शीहून फोन आला. "अहो, दोन मिक्सर आलेत. परत पाठवू, की राहू देत?"