वर गेला तो खाली आला

दिवा निळा असेल तर यंत्राला तुमच्याशी देणंघेणं नाही. पिवळा झाला म्हणजे त्याला संशय आलाय. लाल झाला की विचार करायचा नाही, पळायचं. ‘आर्क रेडर्स’ या व्हिडिओ गेममध्ये जिवंत राहण्याचा मूळ धडा एवढाच आहे. तो पहिल्या दहा मिनिटांत कळतो आणि पुढचे कित्येक महिने वळत नाही.

स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजने हा गेम ३० ऑक्टोबर २०२५ रोजी बाजारात आणला. काळ बाविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, जागा इटली. ‘आर्क’ नावाच्या यंत्रांनी जमिनीवर कब्जा केलाय आणि उरलीसुरली माणसं स्पेरांझा नावाच्या भुयारी वस्तीत दिवस काढतायत. तारा, बॅटऱ्या, औषधं, पत्रा, जे लागेल ते वर जाऊन आणायचं. हे आणणारे ते रेडर. वर जायचं, पिशवी भरायची आणि लिफ्टने किंवा मेट्रोच्या स्थानकातून परत खाली यायचं. हाताशी फार तर अर्धा तास. मधेच मेलात तर नेलेली बंदूक गेली, उचललेला माल गेला. एका लहानशा सुरक्षित खिशात कोंबलेलं तेवढं वाचतं. या जातीच्या गेम्सना एक्स्ट्रॅक्शन शूटर म्हणतात. ‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’ या रशियन गेमने २०१७ पासून ही जात रुजवली आणि जगभरच्या धडधाकट माणसांना झुडपात बसायची सवय लावली.

ज्या गड्याची ही हकिगत आहे तो नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून वाढलेला. ‘काँट्रा’त तीस जीव मिळवायची बटणांची साखळी त्याला आजही झोपेत येते, स्वतःच्या विमा पॉलिसीचा नंबर मात्र दर वेळी शोधावा लागतो. तीस जीव घेऊन ज्याचं बालपण गेलं त्याला चाळिशीनंतर एका जिवात भागवायला सांगणं हा तसा अन्यायच. शिवाय नावात ‘शूटर’ आहे म्हटल्यावर दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची, अशी त्याची साधी, प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत मोडून काढायचं काम स्निच करते. ही एक उडती तबकडी. हिच्याकडे बंदूक नाही, बाँब नाही, दात नाहीत. ती नुसती घिरट्या घालते आणि प्रकाशाचा झोत जमिनीवर फिरवत राहते. त्या झोतात तुम्ही सापडलात की ती बोंब ठोकते, आणि तिच्या हाकेला वॉस्प आणि हॉर्नेट धावून येतात. प्रत्येक सोसायटीत असं एक माणूस असतं. स्वतः काही करत नाही, कमिटीला कळवतं. स्निच दिसली तर दोन मार्ग: एक तर तिचे पंखे झटपट फोडायचे, नाहीतर झोत वळेपर्यंत भिंतीला पाल होऊन चिकटायचं. गडी नेहमी तिसरा मार्ग घ्यायचा. तो तिच्यावर गोळी झाडायचा आणि नेम चुकवायचा.

वॉस्प तशी हलकी. चार पंख्यांवर उडणारी, मशीनगनवाली. एक पंखा उडवला की झोकांड्या खाते, दोन उडवले की पडते. हॉर्नेट अधिक पोचलेला. त्याच्या पुढच्या पंख्यांना चिलखत आहे, म्हणजे मारायचं तर मागून; आणि तुम्ही मागे जाईपर्यंत तो विजेचा झटका देऊन तुम्हाला जागच्या जागी खिळवून ठेवतो. या दोघांपासून जीव वाचवायला इमारतीत शिरावं, तर आत अंधारात छताला टिक चिकटलेला असतो. आकाराने किरकोळ, पण खाली माणूस आला की थेट अंगावर उडी. रॉकेटियर हे बाहेरचं मोठं उडतं संकट. तो रॉकेट सोडतो म्हणून माणूस छपराखाली पळतो, छपराखाली टिक असतो म्हणून माणूस बाहेर पळतो, आणि बाहेर रॉकेटियर कुठेही गेलेला नसतो. त्याला घाई नाही. घड्याळ तुमचं चाललंय.

आता लीपर. हा चौपायी राक्षस लांबून झेप घेतो आणि जिथे उतरतो तिथली जमीन हादरते. एम्बार्कने अशा पायवाल्या यंत्रांच्या चालीसाठी मशीन लर्निंग वापरलंय. म्हणजे अ‍ॅनिमेटरने प्रत्येक पाऊल हाताने बेतून दिलेलं नाही. संगणकाच्या आभासी मैदानात यंत्र धडपडत, पडत, उठत चालायला शिकलं. म्हणूनच पायावर मारा झाला की ते लंगडतं, तोल सावरतं आणि उरलेल्या पायांवर तुमच्याकडेच येतं. हे वाचल्यावर गड्याला लीपरबद्दल एक बंधुभाव वाटला. त्याचंही शिक्षण याच पद्धतीने चाललं होतं. फरक एवढाच, की पडल्यावर लीपरला बंदूक नव्याने घ्यावी लागत नाही.

या सगळ्या गोतावळ्यात एक यंत्र गड्याच्या खास मर्जीतलं: सर्व्हेयर. हा मोठा गोळा आपल्या नादात घरंगळत असतो, मधेच थांबतो, उघडतो आणि आकाशाकडे किरण सोडतो. त्याच्यावर गोळी झाडली तर तो चक्क पळून जातो. मग त्याच्या पोटातल्या ऐवजासाठी तीन-तीन रेडर बोंबलत त्याच्या मागे धावतात. आपण शिकार असताना आपल्याला किती वाईट वाटत होतं, हे त्या वेळी कोणालाही आठवत नाही. गड्यालाही नाही.

पळण्याचंही एक तंत्र असतं, आणि इथे ते बऱ्यापैकी बारकाईने रचलेलं आहे. धावलं की पावलं वाजतात, गाडीची डिकी उचकटली की वाजते, बंदूक तर वाजतेच. कपाट उघडलं तरी आतल्या वस्तू एकदम दिसत नाहीत. एकेक करून समोर येतात, आणि प्रत्येक वस्तूगणिक पाठीमागे कोणी येतंय का हा विचार मोठा होत जातो. धुराचा बाँब टाकून यंत्राच्या नजरेतून निसटता येतं. आवाज करणारा ल्यूर ग्रेनेड दुसरीकडे फेकून त्याचं लक्ष वळवता येतं. बॅस्टियनसारख्या चालत्या किल्ल्याशी भिडायची वेळ आलीच तर गुडघे आणि पाठीवरची पिवळी टाकी या नाजूक जागा आहेत. पण पाठीमागे जायचं तर आधी त्याच्या मशीनगनसमोरून जावं लागतं, त्यामुळे गड्याने ही माहिती केवळ ज्ञान म्हणून जवळ ठेवलीय. न भिडण्याला इतिहासाचं अस्तर लावायची सोय मराठी माणसाला आयतीच आहे. मित्रांनी ‘पळपुट्या’ म्हटलं की गडी शांतपणे ‘गनिमी कावा’ म्हणतो. त्यात शत्रूवर छापाही घालायचा असतो, हा तपशील तो वगळतो.

खेळताना थांबता येत नाही, हे या गेमचं घरगुती अंग. पॉझचं बटण नाही. आत आलात की जग तुमच्यासाठी थांबत नाही, मग स्वयंपाकघरातून काहीही ऐकू येवो.

“अरे, पोळ्या गार होतायत. ये की जेवायला.”

“आलोच आई, दोन मिनिटं. लिफ्ट बोलावलीय.”

“लिफ्ट? आपण तळमजल्यावर राहतो.”

आईचं बरोबर होतं. पण त्या क्षणी तिकडे भोंगा वाजत होता. लिफ्ट बोलावली की ती गुपचूप येत नाही; सगळ्या परिसराला वर्दी देत, सावकाश वर येते. पंचवीस मिनिटं चोरपावलांनी काढलेला माणूस शेवटच्या मिनिटाला अक्षरशः वाजतगाजत जायला निघतो. यंत्रं ऐकतात. माणसंही ऐकतात, आणि खरी भानगड तिथे सुरू होते.

वास्तविक मूळ बेतात माणूस शत्रू नव्हताच. डिसेंबर २०२१ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’च्या मंचावर ‘आर्क रेडर्स’ पहिल्यांदा दिसला तेव्हा तो फुकट मिळणार होता आणि त्यात सगळ्यांनी मिळून यंत्रांशी लढायचं होतं. एम्बार्कचे संस्थापक पॅट्रिक सोडरलुंड पूर्वी ‘बॅटलफील्ड’ बनवणाऱ्या डाइस स्टुडिओचे प्रमुख; मोठ्या लढायांचा अनुभव त्यांना भरपूर. तरी तो बेत जमेना. गेम मोडून नव्याने बांधला गेला, चाळीस डॉलरचा झाला, आणि मिश्रणात माणसाविरुद्ध माणूस घातला गेला. चव आली ती तेव्हा. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच गेम अवॉर्ड्समध्ये त्याला सर्वोत्कृष्ट मल्टिप्लेअरचा मान मिळाला.

यंत्राला लाल दिवा असतो. माणसाला नसतो, त्याऐवजी माइक असतो. जवळ असलेल्याचा आवाज ऐकू येतो आणि बोलायची लाज वाटत असेल तर एक बटण दाबून आपलं पात्र “डोन्ट शूट” म्हणतं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन अनोळखी लोक एकमेकांना हेच सांगत राहतात आणि दोघांचंही बोट चापावर असतं. गड्याच्या मते आधुनिक मुत्सद्देगिरीचा एवढा चांगला वर्ग दुसरीकडे भरत नाही. एकेकटे खेळणारे बहुधा एकेकट्यांमध्येच पडतात आणि तिथे जरा माणुसकी असते. कोणी पट्टी देतो, कोणी “पलीकडे रॉकेटियर आहे भावा” असं इंग्रजीत सांगतो. तिघांच्या टोळ्यांमध्ये मात्र संभाषणाला आधी गोळीने सुरुवात होते. एखादा रेडर मेला की आकाशात लाल फ्लेअर उडते. म्हणजे मृताने जाता जाता पत्ता टाकलेला असतो. ती बघून भलेही धावतात, बुरेही धावतात, आणि गडी उलट दिशेला धावतो.

सावधगिरीचा एक स्वस्त उपाय गेममध्येच आहे: फ्री लोडआउट. फुकटची, यादृच्छिक, बऱ्यापैकी भंगार बंदूक घेऊन वर जायचं. गमावण्यासारखं काही नसलं की भीती निम्मी होते. मात्र त्यात सुरक्षित खिसा मिळत नाही, म्हणजे काही घबाड हाती लागलंच तर ते पूर्णपणे नशिबाच्या हवाली. गरिबाला खिसा नाही, ही गेम बनवणाऱ्यांची निरीक्षणशक्ती दाद देण्याजोगी आहे.

आणि हे घबाड म्हणजे काय, तेही पाहायला हवं. स्पेरांझातल्या गड्याच्या कार्यशाळेत स्क्रॅपी नावाचा कोंबडा राहतो. गडी वर जिवावर उदार झालेला असताना हा कोंबडा त्याच्यासाठी कच्चा माल गोळा करतो. त्याने जास्त आणावं असं वाटत असेल तर त्याची बडदास्त वाढवावी लागते. सुरुवातीला कुत्र्याचा पट्टा. मग लिंबं आणि जर्दाळू. मग ऑलिव्ह, फड्या निवडुंगाची बोंडं आणि मांजराचा बिछाना. शेवटी अळिंबी आणि अतिशय मऊ उशा. कोंबड्याला कुत्र्याचा पट्टा कशाला, असं विचारायचं नसतं. बाविसाव्या शतकातली मानवजात नामशेष व्हायच्या बेतात असताना एक प्रौढ माणूस हॉर्नेटच्या माऱ्यातून सरपटत जर्दाळूच्या झाडाकडे निघालेला असतो. वाटेत एखादं दुर्मीळ शस्त्र दिसलं तरी पिशवीत जागा नसते, कारण पिशवीत उशी आहे.

अशा उशीसकट गडी एकदा लिफ्टच्या दारात कोसळला. एका वॉस्पने काम केलं होतं. पण या गेममध्ये कोसळलेला माणूस लगेच मरत नाही. काही वेळ रांगू शकतो, आणि रांगत लिफ्टमध्ये शिरला व लिफ्ट निघाली तर तो वाचला म्हणून धरतात. गडी रांगला. शौर्यपदक देताना समिती ज्या गोष्टी तपासते त्यातली एकही त्याच्याकडे नव्हती, पण उशी होती.

अलीकडे त्याचे दिवस बरे चाललेत, आणि त्यालाही कारण आहे. कोण किती मारामारी करतो ते पाहून खेळाडूंना एकत्र टाकलं जातं, असं २०२६च्या सुरुवातीला खुद्द सोडरलुंड यांनी सांगितलं. म्हणजे मारकुट्यांना मारकुटे मिळतात आणि भित्र्यांना भित्रे. परिणामी गड्याच्या वाट्याला येणाऱ्या लिफ्टमध्ये हल्ली गर्दी असते. चार-पाच अनोळखी रेडर आत शिरतात, सगळे पाठ भिंतीला लावून उभे राहतात आणि कोणीही बंदूक आधी खाली करत नाही. गेममध्ये गिटारही मिळते आणि खुळखुळाही. परवा एकाने गिटार काढली, दुसऱ्याने खुळखुळा वाजवला. उरलेल्यांनी ताल धरला, डोळे मात्र एकमेकांच्या हातांवर. गड्याकडे वाद्य नव्हतं. त्याने माइक चालू करून “वाह वा” म्हटलं आणि तो उशी सुरक्षित खिशात मावते का ते पाहायला लागला.