पाच मिनिटं आधी

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरून आलात आणि हे काका भेटले नाहीत, तर तुम्ही बहुतेक मॉलमध्ये फिरून आलात. गळ्यात दुर्बीण, खिशात पास, आणि तोंडात एकच वाक्य: "अरेरे, पाच मिनिटं आधी यायचं ना!"

महाभृंगराज? आत्ताच गेला, शेपटीची दोन लांब पिसं मिरवत. बिबट्या? आत्ताच ओढा ओलांडला. बिबट्या सहसा रात्रीचा फिरतो, ही हरकत काकांना मंजूर नाही. पुरावा म्हणून ते चिखलातला ठसा दाखवतात. त्यात नखं स्पष्ट उमटलेली. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणजे ठसा कुत्र्याचा, हे शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा सांगतील. "घाईत होता हो तो!" काका म्हणतात.

कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ला फुलली, मग २०२४ला. मी २०२५मध्ये चौकशी केली. "जरासाच उशीर केलात," काका म्हणाले. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे तर मी त्यांच्याबरोबर जातच नाही. भिक्खू पाच मिनिटांपूर्वीच खाली उतरले, असं ऐकावं लागेल ही भीती.

परवा शिलोंड्याच्या वाटेवर कॅमेरेवाल्यांची एक टोळी आली. तोफेएवढ्या लेन्सा, मोबाईलवर घुबडाचा रेकॉर्ड केलेला आवाज. रानघुबडाची ढोली कुठे आहे म्हणून त्यांनी काकांनाच गाठलं.

"अरेरे," काका हळहळले. "पाच मिनिटं आधी यायचं ना! उडालं. तुळशी तलावाच्या बाजूला गेलं."

टोळी धावली. काका मात्र जागचे हलेनात. मी सहज वर पाहिलं. डोक्यावरच्याच फांदीच्या बेचक्यात, सालीच्या रंगात रंग मिसळून, घुबड स्वस्थ झोपलेलं.

माणूस एकदम आवडून गेला. पण हे आवडणं फार टिकलं नाही, कारण पुढच्याच वळणावर डोक्यात हिशेब सुरू झाला: म्हणजे इतके दिवस मलाही हे त्याच टोळीत धरत होते की काय?

"काका, तो महाभृंगराज..."

"तो खरंच गेला होता हो!" काका दुखावल्या आवाजात म्हणाले.

बिबट्याचं मी विचारलं नाही.