के नव्हे, ख

10 ऑक्टोबरची जयंती जवळ आली की सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर भाषणं होतात. होऊ देत, भूमिपुत्र आहेत, चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉक्टर. पण भाषणात केव्हातरी वक्ता माइक पुढे ओढतो आणि सांगतो, की चिनी जनता त्यांना प्रेमाने 'के दी हुआ' म्हणायची. मागच्या रांगेतला एकजण हमखास पुटपुटतो, 'क्या हुआ?' माझी तक्रार वक्त्याबद्दल आहे.

चिनी माणूस 'के' म्हणतच नाही. तो म्हणतो 'ख'. उंच, सपाट सुरात. मग 'ती', जिना उतरल्यासारखं खाली येणारं. मग 'ह्वा', वर चढणारं. ख ती-ह्वा. रोमन लिपीतला 'के' तिथे 'ख'साठी वापरतात आणि 'डी' हा 'त'साठी. इंग्रजाची यात पंचाईत होते, हे समजू शकतो. त्याच्याकडे क आणि ख अशी वेगळी अक्षरंच नाहीत. आपल्याकडे आहेत. पहिलीच्या पाटीवर शेजारी शेजारी गिरवलेली आहेत. तरी आपण चीनहून सोलापूरला व्हाया लंडन येतो.

शिवाय ज्या रोमन पद्धतीवरून हे वाचलं जातं ती चीनने 1958 साली मंजूर केली. डॉक्टर गेले 9 डिसेंबर 1942 ला. म्हणजे स्वतःच्या नावाचं हे स्पेलिंग त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याआधीच्या इंग्रजी पद्धतीत 'ती' सरळ 'ती'च लिहीत आणि 'ख'साठी 'के'च्या डोक्याशी एक स्वल्पविराम देत. तो छापखान्यात गळायचा. याच इंग्रजांनी सोलापूरच्या स्पेलिंगमध्ये मात्र विनाकारण एक 'एच' घालून शोलापूर केलं होतं. तो इकडे दिला असता तर दोन्हीकडचं भागलं असतं.

आता अर्थ. 'ख'च्या अक्षरात डावीकडे झाड असतं: एक उभी रेघ, एक आडवी, खाली मुळांसारखे दोन फराटे. उजवीकडचा भाग नुसता आवाजापुरता, पोटात चौकोनी तोंड घेऊन उभा. एकूण नऊ फटकारे. अर्थ: कुऱ्हाडीचा दांडा. फांदी असाही होतो, पण दांडा जुना. चिनी लोक आडनावाचा अर्थ बघत बसत नाहीत, आवाज जुळला की झालं. आपण बघतो. 'नीस' म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सगळे लेखणीवाले. कोटणीसांची लेखणी काढून घेतली आणि हातात दांडा दिला. तोही असा, की मराठीत गोतास काळ!

तिकडे मात्र दांड्याला फार मान. नवा दांडा तोडायला हातात जुन्या दांड्याची कुऱ्हाड लागते, म्हणजे नमुना समोरच असतो, असं त्यांच्या प्राचीन काव्यात येतं. त्याच कवितेमुळे दांडा धरणे म्हणजे लग्न जुळवणे. (डॉक्टरांचं लग्न 1941 साली क्वो छिंगलान या परिचारिकेशी झालं. दांडा कुणी धरला, ठाऊक नाही.) दुसरं अक्षर 'ती' हे एका फुलझाडाचं, आणि जुन्या काव्यात ते भावाभावांच्या मायेची खूण. म्हणजे दांड्याच्या शेजारीच गोत बसवलंय, आणि दोघांचं उत्तम चाललंय. तिसरं 'ह्वा', मूळ अर्थ फूल, पुढे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या नावाला ते शेपूट लावलं होतं, नागपूरच्या चोळकरांनाही.

हे सगळं मी एका संयोजकांना सांगितलं. ते म्हणाले, 'सर, लोकांना कळायला पाहिजे ना.' बरोबर आहे. ज्या गावात चायनीजच्या गाडीवर मराठी अक्षरांचे हातपाय मोडून चिनी लिपी तयार होते आणि त्याखाली 'मंचुरियन'चे तीन फलकांवर तीन ऱ्हस्व-दीर्घ असतात, तिथे मी 'ख'चा सूर कुणाला शिकवणार?

वक्त्यांसाठी एक सोय मात्र आहे. पथक 1938 च्या सप्टेंबरात हाँगकाँग, कँटनमार्गे आत गेलं, आणि तिकडच्या कँटोनी बोलीत हेच अक्षर नुसतं 'ओ' असं उच्चारतात. ना क, ना ख. 'काय ओ', 'या ओ', 'बसा ओ' म्हणत वाढलेल्या सोलापूरकराला हे तरी जमायला हरकत नाही.