सिस्टर, बघून घ्या

आयसीयूतल्या नर्सला नेमकं किती येतं, हे आपल्याकडे घड्याळ ठरवतं. सकाळी दहाला राउंड चालू असताना तिला काहीच येत नाही. ‘सिस्टर, विचारल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही हं!’ रात्री अडीचला त्याच बाईला सगळं येतं. फोनवर झोपेत बुडालेला आवाज म्हणतो, ‘प्रेशर पडलंय? बरं... तुम्ही बघून घ्या ना सिस्टर, मी सकाळी येतोच.’ तिनं बघून घेतलं आणि पेशंट तरला, तर नातेवाईक सकाळी डॉक्टरांच्या पाया पडतात. नाही तरला, तर ‘रात्री ड्यूटीवर कोण होतं?’ हा प्रश्न निघतो. त्याचं उत्तर तेवढं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात असतं.

हे बघून घेणं दिसतं कसं, ते राउंडला येणाऱ्यांनीही एकदा बघावं.

सेप्सिसचा साठ किलोचा पेशंट. रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या जोरावर टिकलेला. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये चार मिलिग्रॅम औषध, सिरिंज पंपावर. ऑर्डर लिहिलीय किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम अशी. पंपाला मात्र ताशी मिलीचीच भाषा कळते. म्हणून आधी गणित: मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०, एका मिलीत ८०, म्हणजे ताशी साडेचार मिली. ४.५ मधलं टिंब दाबायचं राहिलं की ४५, दहापट डोस. पहाटे तीनला ही सिरिंज संपत येते. जुनी काढून नवी चढवायला मिनिटभर पुरतं, पण हे औषध रक्तातून दोन-तीन मिनिटांतच ओसरतं आणि तेवढ्यात दाब कोसळू शकतो. म्हणून शिकलेली सिस्टर पहिली संपायच्या आतच दुसऱ्या पंपावर नवी चालू करते, दाब चढायला लागला की जुनीचा वेग उतरवत नेते. नजर मॉनिटरवर, बोट पंपाच्या बटणावर.

नेमका त्याच वेळी शेजारच्या बेडचा व्हेंटिलेटर हाय प्रेशरचा अलार्म ठोकतो. घशातली नळी सरकली? कफानं तुंबली? फुप्फुसाभोवती हवा साठली? की यंत्रच बिघडलं? चारही शक्यता तपासायच्या, सक्शन लागलंच तर पंधरा सेकंदांच्या आत सक्शनची नळी बाहेर, कारण तेवढा वेळ पेशंटचा श्वास आपण अडवलेला असतो. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स, असा नियम आहे. तो बहुधा इन्स्पेक्शनच्या दिवसापुरता असावा. त्या दिवशी इतक्या सिस्टर दिसतात की बाकीचे वॉर्ड कोण सांभाळतंय, असा प्रश्न पडतो.

बरं, हे सगळं शिकवायची सोय नाही, असं कुणी म्हणू नये. भारतीय परिचर्या परिषदेची क्रिटिकल केअर नर्सिंगची एक वर्षाची पदविका आहे. तिच्याही वर ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून वर्षभर काम केलेल्या नर्सनं तो करायचा. वेळेचा जेमतेम पाचवा हिस्सा वर्गात, उरलेले चार हिस्से पेशंटच्या उशाशी. एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंचा, रिपोर्ट वाचणं, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी समजून घेणं, पेशंटला व्हेंटिलेटरवरून टप्प्याटप्प्यानं सोडवणं, ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये राहून औषधाचा निर्णय घेणं, हे सगळं त्यात येतं. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर नर्स प्रॅक्टिशनरांचा स्वतंत्र संवर्ग उभा करायचं छापूनच आलंय. धोरण झालं, अभ्यासक्रम झाला, पदवीही झाली. पद तेवढं करायचं राहिलं.

मग पदवी घेऊन बाई परत येतात तेव्हा होतं काय? बहुतेक ठिकाणी तोच वॉर्ड, तोच पगार, तेच ड्यूटीचं वेळापत्रक, आणि ‘आता तुम्ही शिकून आलात, नवीन मुलींना शिकवा’ अशी बिनपगारी बढती. सरकारी रुग्णालयात तर आणखी मजा. तिथं कुणावर अन्याय होऊ नये म्हणून सगळ्यांना सगळीकडे फिरवतात. जिचा व्हेंटिलेटरवर हात बसला ती त्वचारोगाच्या ओपीडीत, आणि नेत्र विभागातली बाई सोमवारपासून आयसीयूत. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला समानतेखातर सहा महिने दातांच्या विभागात धाडल्याचं ऐकलंय कधी?

‘नर्सच निर्णय घ्यायला लागल्या, तर डॉक्टर कशाला?’ असा एक जोरकस आक्षेप घेतात. तो घेतला जातो दिवसा. रात्री अडीचला हा आक्षेप फोन उचलत नाही. दिवसा लेखी विरोध आणि रात्री तोंडी परवानगी, अशी ही सोय आहे. तोंडी परवानगीचा फायदा उघड आहे: सकाळी ती दिली होती हे कुणाला आठवावं लागत नाही.

छोट्या खासगी आयसीयूंची तर गोष्टच निराळी. रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, अनेकदा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. पोरगा गरजू, कष्टाळू, त्याचा दोष नाही. पण त्याला व्हेंटिलेटरचे मोड पहिल्या आठवड्यात कोण समजावतं, विचारून बघा. ‘सर, आधी एफआयओटू, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण, वाढवू या का?’ असं अदबीनं विचारत सिस्टर त्याला शिकवते आणि तो ‘हो, वाढवा’ म्हणून ऑर्डर देतो. केसपेपरवर सही सरांची. अध्यापनाचं मानधन कुणाचंच नाही.

मानधनावरून आठवलं. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१६मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली. समितीनं सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २० हजार द्या, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. शिफारस उत्तम होती. शिफारशी आपल्याकडे उत्तमच असतात. पगारपत्रकापर्यंत त्या क्वचितच पोचतात. पुढच्या वेळी घरचं कुणी आयसीयूतून सुटलं की बिल नीट वाचा. ‘नर्सिंग चार्जेस’ अशी ओळ सापडेल, दर दिवसाला. त्यातले नर्सच्या हातात किती पडतात, हे काउंटरवर विचारा. उत्तर मिळणार नाही, पण डिस्चार्जची फाईल पटकन हलेल.

राहिलं ते सततचं शिक्षण. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत दीडशे तास भरायचे असतात. हेतू चांगला. अंमलबजावणी म्हणाल तर दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, ‘परिचर्या ही सेवा आहे, व्यवसाय नव्हे’ या विषयावर पाऊण तास, उपमा-चहा, मॅनिकिनच्या छातीवर हात ठेवून फोटो आणि सर्टिफिकेट. सेवेवर पाऊण तास बोलणारे बहुधा तेच, जे पगाराच्या मीटिंगला येत नाहीत. रात्रपाळी उतरून तशीच आलेली एखादी मागच्या रांगेत डुलक्या घेत असते. तिचे तास भरतात, आणि खरं तर त्या सभागृहात तेवढा एकच उपयुक्त कार्यक्रम होतो.

अधिकाराच्या बाबतीत इतके काटकसरी असलेले आपण जबाबदारी वाटताना मात्र हात सैल सोडतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूला आग लागली. त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. पोलिसांनी तीन-चार दिवसांत अटक केली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. इमारतीत आग विझवणारी यंत्रणा बसवायची की नाही, तिची फाईल कुठल्या टेबलावर थांबवायची, हे ठरवायचा अधिकार कुठल्या परिचारिकेकडे कधी होता? पण आग लागली तेव्हा टेबलं मंत्रालयात होती आणि परिचारिका वॉर्डात. जवळ जी सापडते ती दोषी, असा तपासाचा सोपा नियम असावा. कसलाही अधिकार नसलेल्या बाईला अटक होण्याएवढी जबाबदारी मात्र कुठल्याही शासन निर्णयाविना मिळते.

आता पुढची प्रगती ऐका. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल माणसं तिकडे पाठवायचं ठरलं, आणि पाठवायच्या लोकांच्या यादीत परिचारिका आहेत. त्यांच्यासाठी जर्मनचे वर्गही सरकारी खर्चानं घ्यायचं ठरलं. मुलींनी जरूर जावं. जर्मनीत २०२१पासून आयसीयूच्या दिवसपाळीत एका नर्समागे जास्तीत जास्त दोन पेशंट आणि रात्री तीन, अशी मर्यादा कायद्यानं घातलीय. तिथंही अतिदक्षतेचं दोन वर्षांचं खास प्रशिक्षण आहे, आणि ते केलेल्या नर्सला नेत्र विभागात पाठवत नाहीत.

म्हणजे आपल्या नर्सला व्हेंटिलेटरही येतो, जर्मनही येईल, आणि तिला हवा तो मान द्यायला एक परकं राज्य तयार आहे. इथं थांबणाऱ्या मुलींसाठी आपल्याला एवढंच करायचंय: अतिदक्षतेचं वेगळं पद, वेगळा पगार, आणि रात्री अडीचला तोंडी मिळणारी परवानगी सकाळी दहाला लेखी. त्याचा शासन निर्णय मराठीत निघू शकतो. त्यासाठी मंत्रालयात कुणालाच जर्मनचा वर्ग लावावा लागणार नाही.