परवाना, पट्टा आणि मोर

आमचे साडू पेनसिल्वेनियात राहतात आणि त्यांना शिकारीचा नाद आहे. ते धारवाडला येणार हे कळल्यावर तिथल्या माझ्या काकांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "बंदूक विमानात घेऊ देत नाहीत ना?"

हुबळीच्या सिद्धारूढ स्वामी स्थानकावर उतरलो. काका न्यायला आले होते. इथला फलाट १५०७ मीटर, जगात सर्वांत लांब. आमचा डबा अर्थातच पार टोकाला. बॅगा ओढत बाहेर पडेपर्यंत साडूंनी अख्खी फेझंटची शिकार सांगून संपवली.

फेझंट म्हणजे मोर, रानकोंबडा आणि तित्तर यांच्याच कुळातला. मूळचा आशियातला. शांघायमधले अमेरिकेचे कॉन्सुल जनरल ओवेन डेनी यांनी १८८०च्या दशकात तो चीनहून ऑरेगनला धाडला, तिथे तो रुजला. पण पेनसिल्वेनियात आता रानात आपलं आपण वाढलेलं फेझंट औषधालाही मिळणं कठीण. म्हणून तिथलं शिकार खातं दरवर्षी दोन लाखांच्या वर पक्षी फार्मवर वाढवतं आणि हंगामात गाडीत घालून सार्वजनिक रानांत सोडून येतं. मग परवाना खिशात घालून, भडक नारिंगी जाकीट चढवून लोक हजर!

"म्हणजे सरकारच पोसणार, सरकारच सोडणार आणि मारायची परवानगीही सरकारच देणार?" काका म्हणाले. "मग गाडीतच मारा की. डिझेल तरी वाचेल."

साडूंना हा विनोद लागला. खरी कसोटी कुत्रा नसताना लागते, असं त्यांचं म्हणणं. फेझंट उडायला नाखूश, गवतातून पळणार नाहीतर दबून बसणार. कुत्रा असला तर तो वासावरून हुडकतो. नसला तर आपण नागमोडी चालायचं आणि मध्येच थबकायचं. पावलं थांबली की पक्ष्याला वाटतं, मेलो, दिसलो! आणि तो भर्रकन उठतो. हे त्यांनी फलाटावरच करून दाखवलं. पक्षी उठला नाही. मागून येणारा हमाल मात्र डोक्यावरच्या दोन बॅगांसकट त्यांच्यावर आदळला आणि कन्नडमध्ये बरंच काही बोलला. काकांनी त्याचा मराठी अनुवाद करायचं टाळलं.

काकांच्या दारात मुधोळ जातीचा कुत्रा बांधलेला होता. निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. साडू कळवळले, "काका, याला जेवायला घालत नाही का?" हा प्रश्न काकांना दर पाहुण्याकडून येतो. जात तशीच, हे सांगून मग ते इतिहासात शिरतात. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी ही जात जोपासली, मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्जला हे कुत्रे नजर केले, २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढलं. तिकिटावरचं कुत्रंही असंच बारीक आहे, हा त्यांचा शेवटचा पुरावा.

पहाटे आम्ही छोटा महाबळेश्वरकडे निघालो. कर्नाटक विद्यापीठ वसलंय ती ही टेकडी. मृगाचे दिवस, ओली माती, आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध मोर. साडूंचा हात नकळत खांद्याकडे गेला. तिथे काकूंनी दिलेली छत्री होती.

मुधोळने मोर पाहिला आणि पट्ट्यासकट काका पाच-सहा पावलं पुढे गेले. मोराने पिसारा आधी नीट आवरला, मग उडून झाडावर बसला. संपलं! कुत्रा शांतपणे पाय खाजवू लागला. "वास घे, वास!" साडू ओरडले. काका म्हणाले, "हा डोळ्यांनी शिकार करतो. दिसेनासं झालं की याच्या लेखी विषय मिटला. नाक त्याने फक्त तुपासाठी ठेवलंय."

तेवढ्यात सायकलवरून एक शेतकरी आला. धारवाडी मराठीत म्हणाला, "पेरलेली शेंग उकरून खातात बघा हे. हाकलायचं, एवढंच आपल्या हातात." १९७२च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. साडूंनी दोन लाखांचा हिशेब सांगितल्यावर शेतकऱ्याचे डोळे चमकले. "मग आमचे न्या की हो तिकडं! सोडायचा खर्च बी नाही, सुटलेलेच आहेत."

साडू त्यावर काही बोलले नाहीत. दुपारी मिरची भज्यांबरोबर गिरमिट खाताना मात्र कबूल केलं, की परवाना लागत नाही असा पक्षी इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिला नव्हता. चुरमुऱ्यांवर पडलेला कांदा बाजूला काढत त्यांनी मोराचे फोटो सगळ्यांना दोनदा दाखवले.

तुम्ही गेलात तर उजाडायच्या आत टेकडी चढा, कॅमेरा न्या आणि कुत्रा घरी ठेवा. उतरताना लाइन बाजारात पेढ्यासाठी थांबा, पण लवकर. तिथे रांग लागते आणि ती नागमोडी चालून चुकवता येत नाही.