नाव कुणाच्या नावावर?

उपनगरातल्या माणसाला पत्त्याची किंमत शिकवावी लागत नाही. वडाळ्यात टॉवर उठला की त्याचं ‘न्यू कफ परेड’ होतं, हे त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे वेबसाइटच्या डोमेनचा धंदाही त्याला चटकन कळतो. जागा दिसत नाही, तरी भाव आहे. भाडं मुदतीवर भरायचं, मालक कधीच व्हायचं नाही. लीव्ह अँड लायसन्सच की!

मुलुंडच्या एका बाईंच्या क्लासचं नाव ‘ज्ञ’नं सुरू होतं. वेबसाइटसाठी घाटकोपरहून सल्लागार आला. पहिलाच प्रश्न : “मॅडम, डी-एन-वाय की जी-वाय?”

मराठी पालक एक टाइप करणार, हिंदीभाषक पालक दुसरं. ठरलं, दोन्ही घ्यायची.

“आणि जे-एन?”

“ते संस्कृतवाल्यांचं. तेही घेऊन ठेवा, कुणी पळवायला नको.”

एका क्लासची तीन बारशी झाली. मग सल्लागार म्हणाला, यातल्या एकानंही गूगलवर वर येता येणार नाही. वर यायचं तर ‘बेस्टटेन्थमॅथ्सक्लासेसइनमुलुंडवेस्टनिअरस्टेशन डॉट कॉम’ हवं. बाई दचकल्या. सल्लागारानं धीर दिला : “इंग्रजीत ४४च अक्षरं होतात मॅडम, ६३ चालतात. एफएसआय शिल्लक आहे, वाया कशाला घालवायचा?”

असे शब्द नावात कोंबलेल्या, पण आत माल नसलेल्या साइट गूगलनं सप्टेंबर २०१२पासूनच खाली ढकलायला घेतल्या. ही बातमी घाटकोपरला पोचली नसावी. त्या वेळी मेट्रो कुठे होती?

मेट्रोच्या वाटेवरच्या अंधेरीला मात्र सगळं आधी कळतं. तुरखिया बंधूंनी १९९८मध्ये सुरू केलेल्या ‘डायरेक्टी’चं ऑफिस जुन्या नागरदास रोडवर, अंधेरी सबवेला खेटून होतं. डॉट कॉमची गर्दी झाली म्हणून ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेनं २०१२मध्ये नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. इथून ३१ अर्ज गेले. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट टेक ही याच घराण्याची लेकरं. त्यांची खरी करामत डॉट पीडब्ल्यूची. ही दोन अक्षरं पॅसिफिकमधल्या पलाऊ या चिमुकल्या देशाची. अंधेरीकरांनी त्यांचं ‘प्रोफेशनल वेब’ करून ती जगाला विकली. कफ परेडवाल्यांनी इथे शिकवणी लावावी. जो सबवे दर पावसाळ्यात बुडतो त्याच्या काठावर बसून साऱ्या जगाला जागा विकायची, याला म्हणतात धंदा!

तुम्ही म्हणाल, ‘ज्ञ’चा घोळ देवनागरीनं सुटला असता. सोय आहे. ऑगस्ट २०१४पासून ‘डॉट भारत’ मिळतं, मराठीतही. पण तो पत्ता कॉपी करून चिकटवला की बऱ्याचदा ‘एक्सएन’नं सुरू होणारी अगम्य रोमन माळ उमटते. पालकांना वाटतं, व्हायरस आला.

तरी नाव ही गंमत नव्हे. एका अक्षरासाठी ‘रेडिफ’ मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. कुणीतरी ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून स्पेलिंगपुरतं वेगळं ‘रेडिफ’ काढलं होतं. १९९९मध्ये न्यायालयानं त्याला मनाई केली आणि सांगितलं, डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं. सर्वोच्च न्यायालयानंही २००४मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात तशीच भूमिका घेतली. म्हणजे ही मालमत्ता झाली.

कुणाची? बाईंची चारही डोमेनं (ते ४४ अक्षरी धरून) नोंदली गेली सल्लागाराच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. मुदत संपत आल्याची सूचना त्यालाच जाते, आणि तो आता फोन उचलत नाही. याच बाईंनी फ्लॅट घेताना सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वकिलाकडून दोनदा तपासून घेतलं होतं.

तेव्हा वाचकहो, नाव डी-एन-वायनं लिहा नाहीतर जी-वायनं, गूगलला फारसा फरक पडत नाही. नोंदणी तेवढी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करा आणि नूतनीकरणाची तारीख लाइट बिलाशेजारी टाचून ठेवा.